मनगट, मणका, खुबा

‘आई मोरीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.’ पस्तीस वर्षांच्या हाडवैद्यकीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की सांगणारा ‘मोरीत’ म्हणाला की पुढचं मला पाठ असतं. कधी मोरीच्या जागी अंगण येतं, कधी देवळाची पायरी, पावसाळ्यात शेवाळलेली शहाबादी फरशी. शेवट एकच. मग मुलगा फरशीला दोष देतो, सून स्वतःला, आणि स्ट्रेचरवरची आई नव्या चपलेला. मला शंका येते ती त्या वाक्यातल्या ‘आणि’बद्दल. माणूस उभ्याचा खाली आला एवढ्यानं मांडीचं हाड, शरीरातलं सगळ्यांत दणकट हाड, खुब्याशी मोडावं, हे काही सरळ नाही. त्याच फरशीवर तिचा नातू दिवसातून चार वेळा आपटतो आणि उठून पळतो.

त्या मोरीपर्यंत पोचायला त्या हाडाला वीस-पंचवीस वर्षं लागलेली असतात. हे पुस्तक त्या वर्षांबद्दल आहे. लेखिका एके काळी माझ्या हाताखाली शिकल्या, आज माझ्यापेक्षा अधिक जाणतात. प्रस्तावना मागायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “सर, पुस्तकाचं कौतुक नको. तुमचं काय चुकलं ते लिहा.” गुरूला असं सांगण्याइतकं धैर्य असलेलं माणूस वाचकालाही स्पष्ट सांगेल, असं वाटून मी हो म्हटलं.

माझं चुकलं ते मनगटापाशी.

पन्नाशी ओलांडलेली बाई अडखळते, तोल सावरायला हात पुढे करते आणि मनगटाच्या जरा वरचं हाड मोडतं. हात जेवणाच्या काट्यासारखा बाकदार दिसतो. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यवैद्यानं १८१४ साली या मोडण्याचं वर्णन लिहिलं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून ऐंशी वर्षं होती, त्यानं ते हाताच्या आकारावरून आणि बोटांच्या चाचपणीवरून ओळखलं होतं. आम्ही आजही त्याच्याच नावानं या फ्रॅक्चरला ओळखतो. मी अशी मनगटं शेकड्यांनी बसवली. ओढायचं, बसवायचं, प्लास्टर घालायचं, ‘बोटं हलवत राहा, खांदा आखडू देऊ नका’ म्हणायचं आणि सहा आठवड्यांनी बोलवायचं. हात सरळ झाला की बाई खूश, मीही खूश. पाळी कधी गेली, आईचा खुबा मोडला होता का, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी वर्षानुवर्षं गोळ्या चालू आहेत का, यातलं एक अक्षर मी विचारत नसे. हात मोडला होता, हात जोडला. माझ्या लेखी गोष्ट तिथं संपत होती.

पुढे एकदा खुबा मोडून आलेल्या एका आजींच्या मुलानं प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे जुने कागद आणले. आपल्याकडे कागद टाकत नाहीत, हे एक बरं. त्यांत बारा वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी निघाली, माझ्याच अक्षरात. डावं मनगट, प्लास्टर, सहा आठवडे. त्या चिठ्ठीच्या आणि त्या दिवशीच्या एक्स-रेच्या मधे हाडांबद्दलचा एकही कागद नव्हता. आजींचं हाड बारा वर्षांपूर्वी माझ्यासमोर येऊन बोललं होतं, आणि मी त्याला पट्टी बांधून गप्प केलं होतं. आम्ही त्यांचा बॉल बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आजी मात्र पुन्हा स्वतःच्या पायानं अंगणात गेल्या नाहीत, आणि पुढचा गणपती त्यांनी पाहिला नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, वर्षाच्या आत जातो. दाखल्यावर कारण न्यूमोनिया किंवा हृदय असं लिहिलेलं असतं. खुबा त्यात क्वचितच असतो.

आता थोडं हाडाविषयी. हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सांगाड्याचं वाळकं, मेलेलं हाड येतं, आणि तिथून सगळा गैरसमज सुरू होतो. जिवंत हाड म्हणजे असं घर, जे बांधून झालं तरी गवंडी तिथून हलत नाहीत. एक टोळी जुन्या भिंती पोखरत असते, दुसरी मागोमाग नवं बांधकाम भरत असते. दर वर्षी सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा असा नवा होतो. मेख अशी, की पोखरायला काही आठवडे पुरतात आणि भरायला काही महिने लागतात. म्हणून पोखरणाऱ्यांना कुणीतरी लगाम घालावा लागतो. बाईच्या शरीरात तो लगाम मुख्यतः इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या हाती असतो. पाळी गेली की लगाम सुटतो आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांतला पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. फुलर ऑलब्राइट या अमेरिकी डॉक्टरनं १९४०च्या सुमारास हा पाळीशी असलेला संबंध पहिल्यांदा नीट दाखवला. तोवर पोक आलेली म्हातारी म्हणजे निसर्गाचा नेम, केस पांढरे होतात तसा, अशीच समजूत होती. माझी आजी काटकोनात वाकलेली होती. आम्ही नातवंडं तिच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळायचो. तिचे मणके एकेक करून चेपले गेलेत, हे मला एमएस होईपर्यंत सुचलं नाही.

पश्चिमेकडच्या बायकांची पाळी साधारण एक्कावन्नाव्या वर्षी जाते, आपल्याकडे सेहेचाळीस-सत्तेचाळीसला. म्हणजे आपल्या बायकांचा लगाम चार-पाच वर्षं आधीच सुटतो. त्यात ‘पिशवी काढली’ हे प्रकरण वेगळंच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं कोवळ्या वयात काढली जातात, ही बातमी २०१९ साली गाजली. राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर तिशी-पस्तिशीतली ती बाई हाडांच्या हिशेबानं एका रात्रीत पन्नाशीची होते. आणि ती पुढची वीस वर्षं डोक्यावरून मोळ्या वाहणार असते. त्या चर्चेत पैसा, फसवणूक, मुकादम, पाळीच्या दिवसांतली बुडालेली मजुरी हे सगळं आलं, आणि यायलाच हवं होतं. हाडांचा उल्लेख मी फार थोड्या ठिकाणी वाचला. या पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

भाषेचीही एक अडचण आहे. ‘हाडं झिजलीत’ हे आपण दोन पूर्णपणे निराळ्या गोष्टींना म्हणतो. गुडघ्यातली गादी झिजते, उठता-बसता कळ येते, तो संधिवाताचा एक प्रकार. हाड आतून पोकळ होत जातं, तो ऑस्टिओपोरोसिस, ज्याला आपण हाडांचा ठिसूळपणा म्हणतो. पहिला दुखतो, दुसरा दुखत नाही. मोडेपर्यंत अजिबात दुखत नाही. परिणाम असा, की गुडघे दुखणारी बाई मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणते आणि ‘हाडांचं औषध चालू आहे’ म्हणून निर्धास्त राहते. जिची हाडं खरोखर पोखरली गेलीत ती काहीच दुखत नाही म्हणून कुणाकडे जात नाही. साधा एक्स-रेही तिच्या मदतीला येत नाही, कारण हाडातला तीसेक टक्के खनिजसाठा गेल्याखेरीज त्या फिल्मवर फरक दिसत नाही.

म्हणून मोजायचं. मोजायचं कसं, यात शाळेतलं बीजगणित आहे. क्ष-किरण शरीरातून जाताना हाडही त्यांना अडवतं आणि मांसही. किती अडवलं हे कळलं तरी त्यातलं हाडाचं किती, हे एका मोजणीत कळत नाही. दोन अव्यक्तं असली की दोन समीकरणं लागतात. मग दोन वेगळ्या ऊर्जांचे किरण सोडायचे. दोन्हींना हाड आणि मांस निरनिराळ्या प्रमाणात अडवतं, आणि वजाबाकीत मांस बाजूला पडून हाड उरतं. किरणांनी हाड मोजण्याची पहिली पावलं विस्कॉन्सिनच्या जॉन कॅमेरॉन आणि जेम्स सोरेन्सन यांनी १९६३ साली टाकली. त्यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून हाताचं हाड मोजलं. आजचं डेक्सा यंत्र १९८७च्या सुमारास आलं. बाई दहा मिनिटं पलंगावर निजते, वरून एक बाहू सरकत जातो. ना इंजेक्शन, ना बोगद्यात शिरणं, आणि किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. ‘किरणांची भीती वाटते’ म्हणून ही तपासणी टाळणाऱ्यांना मी सांगतो, एवढी मात्रा पृथ्वीवर नुसतं राहूनही एक-दोन दिवसांत मिळतेच.

पण यंत्र भोळं असतं, आणि हे वाचकानं लक्षात ठेवावं. त्याला दिसते ती हाडाची सावली. तो आकडा ‘चौरस सेंटिमीटरला इतके ग्रॅम’ असा येतो, त्यात जाडी धरलेली नसते. लहान चणीच्या बाईची हाडं लहान असतात, त्यामुळे ती आहेत त्याहून विरळ भासतात. उलट म्हातारपणी मणक्यांना जी टोकं फुटतात, त्यांचंही खनिज यंत्र इमानेइतबारे मोजतं. कंबरेचा आकडा मस्त येतो आणि आत मणका पोकळ असतो. सत्तरीच्या माणसाचा नुसता कंबरेचा आकडा घेऊन कुणी ‘सगळं छान आहे’ म्हणालं, तर खुब्याचा आकडा विचारावा. पुढच्या वेळी मोजायचं तर शक्यतो त्याच यंत्रावर. दोन यंत्रांच्या आकड्यांची तुलना करणं म्हणजे दोन दुकानांच्या तराजूंवर आपलं वजन घटलं की वाढलं हे ठरवणं.

आणि तो प्रसिद्ध आकडा, उणे अडीच. तुमचं हाड तरुण, निरोगी बाईच्या सरासरी हाडापासून किती खाली आहे, हे टी-स्कोअर सांगतो. १९९२च्या जूनमध्ये रोममध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यासगट बसला, त्याचा अहवाल १९९४ साली आला. त्यात ठरलं, की उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस आणि उणे एक ते उणे अडीचच्या मधे असेल तर ऑस्टिओपेनिया. रेघ कुठेतरी मारायला हवीच होती. ती गोऱ्या बायकांच्या मोजमापांवरून मारली गेली, आणि मुख्य हेतू होता लोकसंख्येत किती जणांना हा आजार आहे ते मोजण्याचा. पुढे ती रेघ दवाखान्यात आली आणि तिचा निकाल झाला. उणे २.४ची बाई हसत घरी जाते, उणे २.६ची रडत. वास्तविक ज्यांची हाडं मोडतात त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका त्या रेघेच्या वरच्या बाजूला असतात, कारण तिथं गर्दीच मोठी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१०मध्ये भारतीय तरुण-तरुणींच्या हाडांची स्वतंत्र मोजमापं प्रसिद्ध केली. आपल्या माणसांना कुठल्या पट्टीनं मोजावं हा वाद तज्ज्ञांत अजून चालू आहे. लेखिकेनं तो लपवलेला नाही, हे मला आवडलं.

म्हणूनच नुसत्या आकड्यापेक्षा माणूस बघावा. शेफिल्ड विद्यापीठात जॉन केनिस आणि सहकाऱ्यांनी २००८ साली फ्रॅक्स नावाचं गणित मांडलं. वय, वजन, उंची, आधी हाड मोडलंय का, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड, धूम्रपान, दारू, आमवात, अशी माहिती भरली की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. भारतासाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. आणि घनतेचा आकडा नसला तरी ते चालतं. डेक्सा यंत्रं अजून मोठ्या शहरांतच एकवटलेली आहेत. आटपाडीच्या बाईनं दहा मिनिटांच्या तपासणीसाठी सांगली-कोल्हापूरची एसटी धरायची की नाही, हे तिच्या गावातला डॉक्टर या गणितावरून निम्मंशिम्मं ठरवू शकतो. त्यासाठी त्याला तिला प्रश्न मात्र विचारावे लागतील. मी विचारले नव्हते तेच.

मंगल कार्यालयात भरणाऱ्या मोफत शिबिरांबद्दल माझं मत कडवट आहे, ते असू द्या. तिथं टाच एका छोट्या यंत्रात ठेवून ध्वनिलहरींनी तपासतात आणि लाल, पिवळ्या, हिरव्या पट्टीची चिठ्ठी देतात. ही तपासणी निरुपयोगी नाही, धोका कुणाला जास्त असेल याचा अंदाज ती देते. पण तिच्यावरून निदान करायचं नसतं, उणे अडीचची रेघ तिला लागूच नाही. पिवळी चिठ्ठी हातात घेऊन पंचेचाळिशीच्या धडधाकट बायका घाबऱ्याघुबऱ्या दवाखान्यात येतात, आणि शेजारच्या टेबलावर गोळ्यांचे डबे मांडलेले असतात. ज्यांना खरी गरज, त्या सत्तरीच्या बायका कार्यालयाच्या पायऱ्या चढून येऊच शकत नाहीत.

मनगटानंतर हाड दुसऱ्यांदा बोलतं ते मणक्यात, आणि तिथं तर आवाजही होत नाही. गव्हाचा डबा उचलला, खोकला आला, एसटी खड्ड्यातून गेली, आणि पाठीत चमक भरली. ‘उसण भरली’ म्हणून लेप लावतात, दोन-तीन आठवड्यांत थांबतं. मोडलेल्या मणक्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश कुणाच्या लक्षातच येत नाहीत. पण घरात खुणा असतात. परकर लांब होऊ लागतो. साडी तीच, नेसण्याची पद्धत तीच, पण निऱ्या पायात येतात. फडताळातल्या ज्या फळीवरची बरणी हात वर करून सहज निघायची, तिथं आता पाट लागतो. ब्लाउज पाठीवर उचलला जातो. तरुणपणाच्या उंचीत चार सेंटिमीटरची घट झाली असेल, तर पाठीचा बाजूनं एक्स-रे काढायलाच हवा. आणि असा एक मणका चेपलेला सापडला तर टी-स्कोअर काय सांगतो हे दुय्यम. मोडलेलं हाड कुठल्याही आकड्यापेक्षा खरं बोलतं.

खाण्यापिण्याबद्दल पुस्तकात पुष्कळ आहे, मी थोडक्यात सांगतो. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त, पेलाभर दुधात तीनशे. संक्रांतीच्या तिळगुळावर वर्ष काढता येत नाही, पण भाकरी-आमटी-ताकाच्या जेवणाला आपण उगाच हलकं लेखलं. ड जीवनसत्त्व मात्र जेवणातून फारसं मिळत नाही. आणि उन्हाच्या देशात राहून आपल्यात त्याचा तुटवडा सर्रास आढळतो, कारण ऊन आपण टाळतोच. हाडावर भार पडल्याखेरीज गवंडी कामाला लागत नाहीत, म्हणून चालणं आणि उठबस यांना पर्याय नाही. औषधांत १९९५ साली अलेन्ड्रोनेट आलं. ती गोळी आठवड्यातून एकदा सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्यानंतर वर्षातून एकदा शिरेतून, सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायची इंजेक्शनं आली. यांपैकी सहामाही इंजेक्शन मनानं बंद केलं तर मणके भराभर मोडू शकतात, एवढं इथंच सांगून ठेवतो, कारण खर्च वाढला की पहिल्यांदा कात्री त्यालाच लागते.

आणि पुरुष. हा बायकांचा आजार असं मानून आम्ही स्वतःला सोडवून घेतलं आहे. खुबा मोडलेले पुरुष बायकांपेक्षा कमी असतात, पण मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण त्यांच्यात अधिक असतं. बिडी, दारू, आणि सांधेदुखीवर बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या त्या जादूच्या पुड्या, ज्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. तीन दिवसांत नाचायला लागलेला म्हातारा तीन वर्षांनी माझ्याकडे खुबा घेऊन येतो, आणि पुडी देणाऱ्याला दुवा देत येतो.

हे हस्तलिखित मी घरी वाचत होतो. उंचीचं प्रकरण संपलं तसा उठून मोजपट्टी काढली आणि बायकोला भिंतीशी उभं केलं. त्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, तारखांसकट. मोठ्या माणसाची त्यात एकही नाही. लग्नाच्या वेळी पत्रिकेसोबतच्या कागदावर तिची उंची लिहिलेली होती, त्यापेक्षा ती तीन सेंटिमीटर कमी भरली. “तेव्हा माझ्या काकांनी वाढवून लिहिली होती,” ती म्हणाली. शक्य आहे. तरी डेक्साची तारीख घेतली. मग तिनं पट्टी माझ्या हातातून घेतली आणि मला भिंतीशी उभं केलं. माझा आकडा इथं छापायचा नाही असं आमचं ठरलं आहे, पण तारीख दोघांची एकाच दिवशीची आहे.